पी-ई आणि पी-बी : प्रादेशिक बँकेच्या शेअरची दोन मापे

नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी परवा एका लहान खासगी बँकेचे आकडे माझ्यापुढे ठेवले. भाव १२० रुपये, प्रति समभाग उत्पन्न २० रुपये, म्हणून पी-ई ६. पुस्तकी मूल्य १५० रुपये, म्हणून पी-बी ०.८. "दोन्हीकडून स्वस्तच ना?" असे त्यांनी विचारले.

पी-ई काढताना भावाला वर्षभराच्या नफ्याने भागतात, तर पी-बी काढताना भांडवल आणि राखीव निधी मिळून प्रत्येक शेअरच्या वाट्याला येणाऱ्या रकमेने, म्हणजेच पुस्तकी मूल्याने, भागतात. एक कमाईचे माप, दुसरे शिलकीचे. साबणाच्या कारखान्याला पहिले बहुधा पुरते. बँकेला पुरत नाही, कारण बँकेचा नफा बऱ्याच अंशी अंदाजावर उभा असतो. कोणते कर्ज बुडेल आणि त्यासाठी किती तरतूद करायची, यावर तो हलतो. समजा, त्या २० रुपयांतले ८ रुपये पूर्वी निर्लेखित केलेल्या, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढून टाकलेल्या, एखाद्या मोठ्या कर्जाच्या वसुलीतून आले असतील, तर ते पुढच्या वर्षी येणार नाहीत. उरलेल्या १२ रुपयांवर पी-ई एकदम १० होतो.

पुस्तकी मूल्य इतके उड्या मारत नाही, पण तेही कर्जांइतकेच खरे असते. प्रति समभाग ३० रुपयांचे निव्वळ अनुत्पादक कर्ज (थकलेल्या कर्जातून केलेली तरतूद वजा जाता उरलेले) असेल आणि त्यातले निम्मे बुडाले, तर करांचा विचार बाजूला ठेवता १५० चे १३५ होतात आणि पी-बी ०.८९ वर जातो. प्रादेशिक बँकेत हा धोका एकवटलेला असतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर अवकाळी कोसळला की बागायतदार, औषधविक्रेता, शीतगृह आणि टेम्पोवाला असे चौघेही एकदमच अडतात, आणि चौघांची खाती एकाच शाखेत असू शकतात. शिवाय सामान्य मुदतकर्ज ९० दिवस थकले की अनुत्पादक ठरते, पण पीककर्जाची मोजणी हंगामावर असते. त्यामुळे गारपिटीचा फटका ताळेबंदात उशिरा उमटतो आणि तोवर दोन्ही गुणोत्तरे छान दिसतात.

दोन्ही मापांना जोडणारा धागा म्हणजे पुस्तकी मूल्यावरील परतावा (प्रति समभाग उत्पन्न भागिले पुस्तकी मूल्य) : पी-ईला त्याने गुणले की पी-बी मिळतो. येथे २० भागिले १५०, म्हणजे सुमारे १३.३ टक्के, सहा गुणिले तेवढेच, ०.८. वसुलीचे ८ रुपये वगळले तर परतावा ८ टक्क्यांवर येतो, आणि पुस्तकी मूल्याच्या खाली भाव का, याचे उत्तर बहुधा तेथेच असते.

(आपल्याकडे अनेक घरांच्या कपाटात सहकारी बँकेचे भागपत्र असते. त्याला यातले काहीच लावू नये. ते शेअर बाजारात विकले जात नाही आणि सहसा दर्शनी किमतीलाच परत मिळते.)

परिचितांना मी तिमाही निकालातील 'इतर उत्पन्न' (अशी वसुली त्यातच धरलेली असते) आणि निव्वळ एनपीए, म्हणजे निव्वळ अनुत्पादक कर्ज, या दोन ओळी शोधायला सांगितल्या. दुसरी ओळ सापडली. पहिलीखालची टीप अजून वाचायची राहिली आहे.