महागड्या लेन्सचे पैसे नेमके कशाचे?

कॅनन कंपनीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठी ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दोन लेन्स अनेक वर्षे एकाच वेळी बाजारात होत्या. लेन्सच्या नावातला एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास; आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. २०१५ साली आलेली एफ/१.८ एसटीएम ही १६० ग्रॅम वजनाची आणि बहुतांशी प्लास्टिकची, तर कॅननच्या उंची ‘एल’ मालिकेतली एफ/१.२ एल ही सुमारे ५८० ग्रॅमची आणि किमतीने जवळपास दसपट. तरीही कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, छिद्र एफ/८ वर ठेवून दोन्ही लेन्सनी एकच इमारत टिपली, तर कोणते छायाचित्र कोणत्या लेन्सचे हे सांगणे जाणकारालाही जड जाते.

याचे कारण भिंगाच्या कडेला आहे. गोलाकार पृष्ठभागाच्या भिंगातून कडेजवळून जाणारे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात. या गोलीय विपथनामुळे येणारी धूसरता छिद्राच्या व्यासाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. एफ/१.८ वरून एफ/५.६ वर आल्यास व्यास एक तृतीयांशापेक्षाही थोडा कमी होतो आणि हा दोष सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येतो. थोडक्यात, छिद्र बारीक केले की स्वस्त लेन्सचे उणे आपोआप झाकले जाते. ते फारच बारीक केले तर मात्र विवर्तन, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे, आडवे येते: एफ/१६ वर हिरव्या प्रकाशाच्या बिंदूची सुमारे २१ मायक्रोमीटरची चकती होते, आणि ही मर्यादा कितीही पैसे मोजले तरी टळत नाही.

खरा फरक छिद्र पूर्ण उघडल्यावर पडतो. एफ/१.२ चे छिद्र सुमारे ४२ मिलिमीटरचे, एफ/१.८ चे २८ मिलिमीटरचे; म्हणजे सव्वादोन पट प्रकाश. एवढ्या रुंद वाटेने येणारे किरण आवरण्यासाठी सहाऐवजी आठ भिंगे लागतात आणि त्यांतले एक अगोलीय, म्हणजे कडेकडे वक्रता बदलत जाणारे, असते. इतके करूनही एफ/१.२ वर ही लेन्स काहीसे मऊ, म्हणजे कमी रेखीवच चित्र देते. तिचे चाहते ती मंद प्रकाशासाठी आणि विरघळलेल्या पार्श्वभूमीसाठी घेतात. निव्वळ रेखीवपणासाठी ती घेणे मला तरी अनाठायी वाटते.

बांधणीचा प्रश्न वेगळा आहे. १९९० सालच्या जुन्या एफ/१.८ लेन्सचा कॅमेऱ्याला जोडणारा भाग प्लास्टिकचा होता, एसटीएममध्ये तो धातूचा झाला. महागड्या लेन्सला त्याखेरीज धूळ आणि पाणी अडवणारे रबरी आवरण असते. पण समोर फिल्टर लावल्याशिवाय एफ/१.२ एलचे हे कवच पुरे होत नाही, ही बाब खरेदीच्या उत्साहात सहज निसटते. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात भिंगांवर धरणारी बुरशी अशा आवरणाने थांबत नाही. तिच्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच हवे, मग लेन्स कितीचीही असो.

एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन लेन्सही तंतोतंत सारख्या नसतात. एखादे भिंग अक्षापासून किंचित सरकले किंवा कलले, तरी चित्राचा एक कोपरा इतरांपेक्षा धूसर येतो. नवी लेन्स, स्वस्त असो वा महाग, परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासून घ्यावी: सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चिकटवावीत, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून एफ/२.८ वर छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून ताडून पाहावीत. तीन कोपरे स्वच्छ वाचता येतात आणि चौथा दर खेपेला पुसट दिसतो, अशी लेन्स बदलून घ्यावी.