पार्मिजानो-रेज्जानो संग्रहालय, सोरान्या

पार्मिजानो-रेज्जानो संग्रहालय, सोरान्या : उत्तर इटलीतील एमिल्या-रोमान्या प्रदेशाच्या पार्मा प्रांतात असलेले, पार्मिजानो-रेज्जानो (पार्मेझान) या एकाच चीजला वाहिलेले छोटे संग्रहालय. स्थापना 2003. पार्मा शहराच्या वायव्येस सुमारे 30 किमी.वर जेमतेम पाच हजार वस्तीचे सोरान्या हे गाव आहे. तेथील मेली लूपी घराण्याच्या गढीलगत 1848 साली बांधलेल्या चीजघरात हे संग्रहालय थाटले आहे. पार्मा प्रांतात एकेका खाद्यपदार्थाची संग्रहालये गावोगाव विखुरलेली आहेत : लांगिरानो येथे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांडीचे (प्रोश्शुत्तो), फेलिनो येथे सलामीचे, कोल्लेक्योजवळच्या जारोला वाड्यात टोमॅटोचे व पास्त्याचे. सोरान्याचे संग्रहालय या मालिकेतील सर्वांत आधीच्यांपैकी. ज्या वास्तूत चीज बनत असे तीच वास्तू येथे मुख्य प्रदर्शनवस्तू आहे, हा त्याचा विशेष होय.

इमारत : चीजघराला स्थानिक बोलीत 'कासेल्लो' म्हणतात. सोरान्याचे कासेल्लो वर्तुळाकार आहे. एमिल्यातील जुन्या चीजघरांत भिंतींच्या काही भागांत विटा मुद्दाम अंतर सोडून जाळीसारख्या रचत. ही जाळी शोभेची नव्हती. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवून त्यावर साय येऊ द्यायची, तर खोलीत ऊन शिरता कामा नये, वारा मात्र खेळता हवा. उन्हाळ्यातील उकाड्याच्या रात्री दूध साय धरण्याआधीच आंबू लागे. हिवाळ्यात गाईंचे दूध कमी व चारा वाळलेला. त्यामुळे अगदी 1980 च्या दशकापर्यंत खऱ्या उत्पादनाचा हंगाम 1 एप्रिल ते 11 नोव्हेंबर असाच धरला जाई.

आत दर्शनी ठेवलेली हत्यारे व भांडी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्याच्या पूर्वार्धातील असून त्यांची संख्या शंभरावर आहे. त्यांना जुनी छायाचित्रे, जाहिराती व वेष्टने यांची जोड आहे. हा कालखंड ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण माहितीफलकांवरची कथा मध्ययुगापासून सुरू होते, वस्तू मात्र तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

उगमाचा प्रश्न : या चीजचा जन्म बाराव्या-तेराव्या शतकात बेनेडिक्टाइन व सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथांच्या मठांत झाला, असे मत सर्वत्र दिलेले आढळते. पो नदीच्या दक्षिणेकडील दलदल मठांनी निचरा करून कुरणाखाली आणली, गाईंचे दूध मुबलक झाले, आणि ते नासू न देता टिकवायचे तर मोठे, कोरडे, दीर्घकाळ मुरणारे चीज हाच उपाय उरला, असा त्यामागचा तर्क आहे. मीठ जवळच्या साल्सोमाज्जोरेच्या खाऱ्या झऱ्यांतून मिळत असे. तर्क पटण्याजोगा आहे. पण मठात अमुक साली अमुक प्रकारे चीज केले असे सांगणारा थेट पुरावा विरळ आहे.

लेखी उल्लेखांपैकी सर्वांत जुना म्हणून जेनोवा या बंदरातील 1254 सालचा एक नोटरी दस्त दाखवला जातो. त्यात एका स्त्रीने आपले घर देण्याच्या मोबदल्यात दरवर्षी ठरावीक वजनाचे 'पार्म्याचे चीज' मिळण्याचा करार केला आहे. यातून इतकेच ठरते, की पार्म्याच्या नावाने ओळखले जाणारे चीज तेराव्या शतकाच्या मध्यास समुद्रकाठच्या बाजारात पोहोचले होते. ते गाईच्याच दुधाचे होते काय, केवढे होते, किती मुरवलेले होते, हे दस्त सांगत नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या इटालियन लेखक बोक्काच्चोच्या 'देकामेरोन' या कथासंग्रहात किसलेल्या पार्मेझानचा डोंगर येतो. त्यावरची माणसे माकारोनी व राव्योली रांधून खाली सोडतात. थट्टेच्या या प्रसंगातून तांत्रिक तपशील काढू नये. तथापि चीज किसून शिजवलेल्या पिठाच्या पदार्थावर घालण्याची सवय वाचकांना ठाऊक होती, एवढे यावरून म्हणता येते. म्हणजे ते कठीण, किसण्याजोगे चीज होते.

खरा गुंता पंधराव्या शतकात होतो. पान्तालेओने दा कोन्फिएंत्सा या वैद्याच्या 1477 च्या दुग्धपदार्थविषयक लॅटिन ग्रंथात पार्म्याशेजारच्या पियाचेंझा शहराच्या चीजची स्तुती आहे. पार्म्यातही जवळजवळ त्याच प्रतीचे चीज होते, म्हणून काही जण त्याला पार्म्याचे म्हणतात, असे तो नोंदवतो. मिलानजवळच्या लोदी शहराचे लोक आपल्या भागातील चीजचा वारसा क्यारावाल्ले मठाशी जोडतात. रेज्जो प्रांतातील बिब्बियानो हे गाव स्वतःस या चीजचा पाळणा म्हणवते. ही मते परस्परविरोधी भासली, तरी एका खोऱ्यात सारखेच चीज अनेक ठिकाणी होत होते आणि व्यापाऱ्यांच्या तोंडी जे नाव रुळले ते टिकले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नावावर कायदेशीर हक्क सांगणारा पहिला महत्त्वाचा दस्त म्हणून 7 ऑगस्ट 1612 रोजीच्या पार्म्यातील ड्यूकशाहीच्या नोंदीचा उल्लेख केला जातो.

पार्मा विद्यापीठातील आर्थिक इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी यांनी 2023 साली या सगळ्या परंपरेवरच प्रश्नचिन्ह लावले. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये होणारे पार्मेझान हेच जुन्या चीजच्या अधिक जवळचे आहे, असे त्यांचे म्हणणे. इटलीत त्यावर गदारोळ झाला. विधान जाणूनबुजून टोकाचे आहे. पण त्यामागची निरीक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. चीजची पूर्वीची चक्रे (चाकासारखे जाड, गोल गोळे) आजच्यापेक्षा लहान असत. साल काळपट रंगाने माखलेली असे; ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. पूर्वी रंगासाठी केशरही घालत. आजची सोनेरी, ठिपक्यांच्या अक्षरांची चाकासारखी चकती हे बऱ्याच अंशी विसाव्या शतकाचे रूप आहे. संग्रहालयातील वस्तूही, फलक काहीही म्हणोत, याच मताला पुष्टी देतात.

संघटनेचा इतिहास त्या मानाने स्वच्छ आहे. उत्पादकांचा संघ 1934 साली स्थापन झाला. 'पार्मिजानो-रेज्जानो' हे जोडनाव 1938 मध्ये आले. सालीवर अक्षरे उमटवण्याची पद्धत 1964 पासूनची. युरोपीय संघाचे संरक्षित मूळस्थानाचे नाव 1996 मध्ये मिळाले. 'पार्मेझान' हा शब्दही या नावाची आठवण करून देतो, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये दिला. त्यामुळे युरोपीय संघात तो इतर चीजसाठी वापरता येत नाही. क्षेत्र ठरलेले आहे : पार्मा, रेज्जो एमिल्या व मोदेना हे प्रांत, रेनो नदीच्या पश्चिमेकडील बोलोन्या आणि पो नदीच्या दक्षिणेकडील मांतुआ.

कृती व हत्यारे : प्रदर्शनातील वस्तू कामाच्या क्रमाने पाहिल्यास उलगडतात. संध्याकाळचे दूध पसरट टाक्यांत रात्रभर ठेवतात व सकाळी वरची साय काढून घेतात (तिचे लोणी होते). उरलेले अंशतः निःसाय दूध सकाळच्या ताज्या दुधात मिसळून तांब्याच्या काहिलीत घालतात. साय काढण्याचा हेतू केवळ स्निग्धांश कमी करणे हा नाही. वर चढणारे स्निग्धकण आपल्याबरोबर पुष्कळसे जीवाणू व त्यांची बीजुके वर नेतात. त्यामुळे खालचे दूध स्वच्छ होते. दूध कच्चेच वापरतात आणि गोठ्यात साठवताना ते 18 अंश सेल्सिअसखाली नेता येत नाही.

काहील उलट्या घंटेसारखी, खाली निमुळती असते. आजच्या काहिलीत 1,000 ते 1,200 लिटर दूध मावते व त्यातून दोन चक्रे निघतात. म्हणजे एका चक्राला सुमारे 550 लिटर. पूर्वी काहील लाकडाच्या आगीवर ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुहेरी तळाच्या काहिली व वाफ आली, तेव्हापासून उष्णतेवर ताबा आला. आदल्या दिवशीची, रात्रभर आंबवलेली निवळी (साकळलेले दूध फोडल्यावर सुटणारे पाणी) विरजणासारखी दुधात घालतात (सुमारे तीन टक्के). ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. मग दूध 33 अंशांच्या आसपास आणून वासराच्या जठरातील रेनेट घालतात. आठ-दहा मिनिटांत दूध साकळते.

ते फोडण्याचे हत्यार 'स्पिनो'. आजचे स्पिनो म्हणजे लांब दांड्याला जोडलेला तारांचा फुगीर पिंजरा. जुने मात्र काटेरी फांदीचेच असे, आणि दोन्ही पाहिली की एकाचा दुसऱ्यापासून विकास कसा झाला ते वेगळे सांगावे लागत नाही. साकळलेला थर तांदळाच्या दाण्याएवढा बारीक होईपर्यंत फोडायचा. दाणे मोठे राहिले तर आत निवळी अडकते व चीज ओले राहते. फार बारीक झाले तर स्निग्धांश निवळीबरोबर निघून जातो. नंतर हळूहळू 55 अंशांपर्यंत तापवतात. दाणे तळाशी बसून एकजीव होतात व पाऊण ते एक तास निवळीखालीच राहतात. लाकडी वल्ह्याने हा गोळा उचलून तागाच्या कापडात घेतात, सुरीने दोन भाग करतात आणि प्रत्येक भाग साच्यात घालतात. या जोडीला कामगार 'जुळी' म्हणतात.

साच्याच्या आतील पट्टीवरून सालीवर ठिपक्यांत नाव, चीजघराचा क्रमांक, महिना व वर्ष उमटते. वर केसीनची (दुधातील प्रथिनाची) क्रमांकित चकती चिकटवतात. दोन-तीन दिवसांनी चक्र संपृक्त मिठाच्या पाण्यात सुमारे 20 दिवस तरंगत ठेवतात. नंतर लाकडी फळ्यांवर किमान 12 महिने मुरवणे, अधूनमधून पुसणे व उलटणे. बाजारात 24 महिन्यांचे सर्वाधिक पसंत पडते. तयार चक्राचा व्यास 35 ते 43 सेंमी., वजन साधारण 40 किग्रॅ.; 30 किग्रॅ.खालचे नियमांत बसत नाही. मुरण्याच्या काळात पैसा अडकून पडतो, म्हणून एमिल्यातील बँका चक्रे तारण ठेवून कर्ज देतात व गोदामे स्वतः सांभाळतात. मे 2012 च्या भूकंपात फळ्या कोसळून लाखांवर चक्रे जमिनीवर आली, तेव्हा नुकसान चीजघरांपुरते राहिले नाही.

दोष व त्यांची कारणे : संग्रहालयातील परीक्षकाची छोटी हातोडी, लांब सुई व नमुना काढण्याची नळी ही हत्यारे आकाराने लहान असल्याने अनेकांच्या नजरेतून सुटतात, प्रत्यक्षात ती सर्वांत बोलकी आहेत. बारा महिन्यांनी परीक्षक चक्रावर सर्वत्र हातोडी टकटकवतो. आवाज सर्वत्र सारखा आला तर चीज घट्ट आहे. कोठे पोकळ आला तर आत भेग किंवा वायूची पोकळी. शंका आली तर सुई खुपसतो : आत जाताना किती विरोध होतो आणि बाहेर काढल्यावर वास कसा येतो, यावर निवाडा होतो.

वायू दोन वेळा होतो. पहिल्या काही दिवसांत चक्र फुगले तर दोष अस्वच्छ दुधाचा किंवा निर्जोर आंबवलेल्या निवळीचा. आम्लता पुरेशी वेगाने न वाढल्याने वायू करणाऱ्या जीवाणूंना वाव मिळतो. उलट निवळी फार आंबट झाली तर चीज कोरडे व ठिसूळ होते. महिन्यांनंतर होणारी फूग अधिक घातक : क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूची बीजुके उष्णतेत टिकतात, पुढे ब्युटिरिक आम्ल व वायू तयार करतात आणि साल आतून तडकते. ही बीजुके मुख्यतः मुरघासातून (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातून) येतात. म्हणूनच या चीजसाठी गाईंना मुरघास देण्यास बंदी आहे. शेजारच्या भागातील ग्राना पादानो या तशाच कठीण चीजला मुरघास चालतो, पण त्यास लायसोझाइम (अंड्यातील जीवाणूरोधक प्रथिन) घालावे लागते. पार्मिजानोत मीठ व रेनेट यांखेरीज काहीच घालता येत नाही. मध्यम प्रतीच्या चक्राच्या सालीवर समांतर रेघा कोरतात. नापास चक्राची अक्षरे तासून काढतात.

भेट : संग्रहालय साधारणतः मार्च ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, शनिवार-रविवार व सुट्टीच्या दिवशी उघडे असते, दुपारी जेवणाच्या वेळी बंद. इतर दिवशी गट असल्यास आधी कळवून प्रवेश मिळतो. जवळचे रेल्वेस्थानक फिदेन्त्सा (मिलान-बोलोन्या मार्ग); तेथून सोरान्या सुमारे 10 किमी. सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक वाहन विरळ, म्हणून गाडी किंवा टॅक्सी बरी. येथे प्रत्यक्ष चीज बनत नाही. बनताना पाहायचे असेल तर परिसरातील एखाद्या चालू चीजघरात आदल्या दिवशी वेळ ठरवून सकाळीच जावे. गोळा उचलून जुळी करण्याचे काम दुपारपूर्वी आटोपते आणि उशिरा पोहोचणाऱ्यास फक्त धुतलेल्या काहिली दिसतात.

चव देण्याच्या वेळी चीज कापत नाहीत, फोडतात. बदामाच्या आकाराची, बोथट कडांची आखूड सुरी सालीत सर्वत्र सेंटिमीटरभर चालवून, मग दोन टोकांशी खुपसून पाचरीप्रमाणे उघडतात. चीज आपल्या दाण्याच्या रेषेने दुभंगते. पातळ धारदार सुरीने कापल्यास पृष्ठभाग गुळगुळीत होऊन दाणेदारपणा हरवतो. आतील पांढरे ठिपके बुरशी नव्हेत. मुरताना प्रथिने विघटित होऊन तयार झालेले टायरोसिनचे स्फटिक होत. लॅक्टोज (दुधातील साखर) जवळजवळ उरलेले नसते.

शाकाहारी पाहुण्यांनी एक बाब आधीच ठरवून जावी : रेनेट वासराच्या जठरातलेच असावे असा नियम आहे, वनस्पतिजन्य वा सूक्ष्मजीवजन्य चालत नाही. भारतात हिरव्या ठिपक्यासह 'पार्मेझान' नावाने मिळणारी चीज यामुळे या व्याख्येत बसत नाही. संग्रहालयात दूध, साय, निवळी व हत्यारे पाहण्यास कोणालाच अडचण नाही. चवीच्या टेबलाशी मात्र ज्याने त्याने ठरवावे.