खासगीपणाला गर्दी लागते

खासगीपणा जपणारा नवा ब्राउझर बनवणाऱ्यांचा एक लाडका समज असतो. इंटरनेटवर पाळत कशी ठेवली जाते हे लोकांना नीट समजावलं, की ते आपणहून जुना ब्राउझर सोडतील. प्रत्यक्षात तसं घडत नाही. विचारलं तर बहुतेक जण खासगीपणा हवाच म्हणतात आणि फोनसोबत आलेला ब्राउझरच वर्षानुवर्षं वापरत राहतात. बोलण्या-वागण्यातल्या या तफावतीला संशोधक ‘प्रायव्हसी पॅराडॉक्स’ म्हणतात. मला त्यात लोकांचा दुटप्पीपणा दिसत नाही. पाळत डोळ्यांना दिसत नाही आणि तिचा तोटा झालाच तरी कधी तरी पुढे होणार. उलट साठवलेले पासवर्ड, बुकमार्क आणि अंगवळणी पडलेली बटणं सोडण्याचा त्रास आज, आत्ता होतो.

आहे ते तसंच राहू देण्याच्या या ओढीला विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 1988 मध्ये ‘स्टेटस को बायस’ असं नाव दिलं. तिची किंमत कंपन्यांना चांगलीच ठाऊक आहे. इतरांच्या ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आपलं सर्च इंजिन डिफॉल्ट, म्हणजे आधीपासूनच निवडलेलं, राहावं यासाठी गूगलने एकट्या 2021 मध्ये 26.3 अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. सेटिंग बदलणं चार क्लिकचं काम, पण ते बहुतेक जण करत नाहीत.

मग लोक ब्राउझर बदलतात तरी कधी? 2004 च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हा जवळजवळ सगळं जग इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होतं. फायरफॉक्स उघडला की अंगावर येणाऱ्या पॉप-अप जाहिराती थांबत आणि एकाच खिडकीत अनेक टॅब उघडता येत. फरक पहिल्याच दिवशी दिसायचा. आजच्या खासगी ब्राउझरकडेही असा पुरावा आहे: पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात बसवलेले छोटे प्रोग्रॅम, अडवल्या की जाहिरातींनी भरलेली पानं लवकर उघडतात आणि डेटा कमी खर्च होतो. नव्या माणसाला हेच आधी दाखवावं. एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात लपवण्याच्या तंत्राचं, व्याख्यान नंतर, त्याने विचारलं तर.

दुसरी गोष्ट, संरक्षण मुळातच चालू असलं पाहिजे. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आणली ती खरेदीच्या टोपलीसारख्या गोष्टी वेबसाइटला लक्षात राहाव्यात म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी तिच्या आधारे माणसाचा एका साइटवरून दुसरीकडे माग काढायला सुरुवात केली. या परक्या, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कुणाच्या, कुकी ॲपलच्या सफारी ब्राउझरने 2020 पासून सरसकट बंद केल्या. त्याआधी 2019 मध्ये फायरफॉक्सने माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी डिफॉल्टने अडवायला सुरुवात केली होती. वापरणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही, आणि म्हणूनच हे संरक्षण इतक्या लोकांपर्यंत पोहोचलं. ते वापरणाऱ्यावर सोपवलं की काय होतं, हे अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी 1999 मध्येच दाखवलं होतं. ईमेल एन्क्रिप्ट करण्याचा प्रोग्रॅम त्यांनी 12 जणांना दिला. 90 मिनिटांत योग्य रीतीने डिजिटल सही करून, एन्क्रिप्ट करून ईमेल पाठवणं फक्त एक तृतीयांश लोकांना जमलं.

अडवाअडवीत कधी लॉगिन अडकतं, कधी पैसे भरण्याचं पान कोरं राहतं. अशा क्षणी माणूस जुना ब्राउझर उघडतो आणि बहुधा तिथेच थांबतो. त्या एका साइटपुरतं संरक्षण सैल करणारं बटण समोर हवं, मेनूच्या पोटात दडलेलं नको. शिवाय आश्वासन नेमकं असावं. इन्कॉग्निटो मोडमुळे आपण वेबसाइटपासून आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासूनही लपतो, असं अनेकांना वाटतं. तो मोड प्रामुख्याने आपल्या उपकरणावर इतिहास उरू देत नाही, एवढंच.

पण सामान्य वापरकर्ते यावेत यामागचं सर्वांत मोठं कारण तांत्रिक आहे. स्क्रीनचा आकार, फाँट, भाषा, टाइमझोन अशा किरकोळ माहितीतून प्रत्येक ब्राउझरचा एक ठसा तयार होतो. तो ओळखायला कुकीही लागत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2010 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझर तपासले, तेव्हा जवळपास 84 टक्के ठसे एकमेव निघाले. मोजके जाणकार वेगवेगळी सेटिंग लावून बसले, तर प्रत्येक जण आणखी उठून दिसतो. अनामिक राहून इंटरनेट वापरण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर म्हणून उलट वाट धरतो: सगळे वापरणारे शक्य तितके एकसारखे दिसावेत, यासाठी तो पान दिसण्याच्या जागेचा आकारही ठरावीक टप्प्यांत बसवतो. टॉरचे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी 2006 मध्ये मांडलं, की अनामिक राहायला सोबत लागते. म्हणून वापरायला सोपं असणं हा सुरक्षेचाच भाग आहे. बातम्या आणि हवामान पाहणारे असंख्य लोक त्याच ब्राउझरवर असतील, तरच जिवाला धोका असलेला पत्रकार त्यांच्यात मिसळून जाऊ शकतो. याच कारणासाठी टॉर बनवणारी संस्था, टॉर प्रोजेक्ट, आपल्या ब्राउझरमध्ये वरून एक्स्टेन्शन, म्हणजे जास्तीची सोय देणारे छोटे प्रोग्रॅम, टाकू नका असं बजावते. संरक्षण वाढवण्याच्या हेतूने टाकलेलं एक्स्टेन्शनसुद्धा त्याला अपवाद नाही.