फोटोत न मावणारी खोली

पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यावर तेलाचा तवंग पसरतो आणि त्यात जांभळे-हिरवे पट्टे उमटतात. हा रंग तेलाचा नव्हे. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतलेल्या प्रकाशलाटा एकमेकींत मिसळतात. माथ्यावर माथा आला की तो रंग उजळतो, माथा खळग्यात पडला की मावळतो. हेच व्यतिकरण.

साध्या फोटोत उजेड किती, एवढीच नोंद होते. लाट आत शिरताना चढती होती की उतरती, हे हरवतं. आणि वस्तूचा कुठला भाग जवळ, कुठला लांब, हे तर त्या चढउतारातच दडलेलं असतं. ते टिपायचं कसं? 1947 साली इंग्लंडमधल्या रग्बी इथं भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबोर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत होते. त्यांनी युक्ती काढली: वस्तूवरून आलेल्या लाटेला दुसरी, ओळखीची लाट भेटवायची आणि त्या भेटीची नक्षी टिपायची. हाच होलोग्राम. पण त्या काळच्या दिव्यांचा प्रकाश म्हणजे नुसती जत्रेतली गर्दी, लाटांचा मेळ बसेना. शिस्तीतला प्रकाश मिळाला तो 1960 मध्ये लेझर आल्यावर. 1964 मध्ये मिशिगन विद्यापीठातले संशोधक लीथ आणि उपात्निक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम दाखवला. गॅबोर यांना नोबेल मिळालं ते 1971 मध्ये.

लेझरचा झोत दुभागतात. अर्धा वस्तूवरून, अर्धा थेट, फोटोच्या रसायनाचा थर दिलेल्या काचेवर. तिथं मिलिमीटरमध्ये हजारेक रेषा उमटतात. चित्रण चालू असताना लाटेच्या अर्ध्या लांबीइतकं, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढं काही हललं, तरी नक्षी पुसली जाते. म्हणून टेबल जडशीळ हवं. धुतलेली काच हातात घेतली तर नुसती मळकट दिसते. तिच्यावर पुन्हा लेझर टाका, डोकं जरा बाजूला करा, आणि इंजिनामागचा डबा डोकावतो! काच फुटली तरी प्रत्येक तुकड्यात अख्खी गाडी दिसते. मात्र बंद खिडकीच्या फटीतून पाहावं तशी, एकाच कोनातून.

(मंचावर अवतरणारे ‘होलोग्राम’ बहुधा होलोग्राम नसतातच, ते तिरप्या पारदर्शक पडद्यावरचं प्रतिबिंब असतं.)

बँकेच्या कार्डावरचा चंदेरी होलोग्राम साध्या उजेडातही दिसतो. ती करामत अमेरिकी संशोधक स्टीफन बेंटन यांची. त्यांनी वर-खालची खोली सोडून दिली आणि त्या बदल्यात चित्र पाहताना लागणाऱ्या लेझरची गरज संपवली. असं कार्ड डावी-उजवीकडे कलवलं तर चित्राला खोली दिसते. वर-खाली कलवलं तर फक्त रंग पालटतात.