सहीसुद्धा म्हातारी होते

कराराच्या पीडीएफखाली सहीचं स्कॅन डकवलं की डिजिटल सही झाली, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. ते नुसतं चित्र. कुणीही उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवेल. खरी डिजिटल सही म्हणजे एक भलीमोठी संख्या, आणि ती प्रत्येक फाइलसाठी वेगळी असते.

आधी सगळी फाइल एसएचए-२५६ सारख्या हॅश फंक्शनमधून, म्हणजे फाइलचा ठरावीक लांबीचा ठसा (हॅश) काढणाऱ्या गणितातून जाते. फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची, बाहेर २५६ बिटच पडतात. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत लिहिले तर ६४ अक्षरं. मालाच्या यादीत ४५० नगांचे ४६० करा, त्या ६४ अक्षरांतली बहुतेक बदलून जातात. या हॅशवर सही करणारा आपली प्रायव्हेट की, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेली गुप्त संख्या, चालवतो, ती सही. पडताळणाऱ्याला तिची जोडीदार, सगळ्यांना खुली असलेली पब्लिक की पुरते. ही कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी पुढच्याच वर्षी ती गणितात उतरवली.

सही डेटा लपवत नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी एन्क्रिप्शन वेगळं, आणि फाइल हरवू नये म्हणून बॅकअप वेगळा.

खरी पंचाईत साठवणुकीत आहे. पब्लिक की कुणाची, हे सांगणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत दोन-तीन वर्षांत संपते, दप्तर मात्र दहा वर्षं सांभाळायचं असतं. मधेच प्रायव्हेट की चोरीला गेली, तर चोर मागची तारीख टाकून खुशाल सह्या करेल. म्हणून सहीवर तिसऱ्याच, विश्वासू सेवेचा टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख-वेळेचा शिक्का घेतात. तिच्याकडे फक्त हॅश जातो. मजकूर तिला कळतही नाही. प्रायव्हेट की चोरीला जाण्याआधीची सही कोणती, हे मग सिद्ध करता येतं.

पण हॅशही थकतो. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एसएचए-१ या जुन्या पद्धतीचा एकच हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. एकीवरची सही दुसरीलाही चपखल बसणार! उद्या क्वांटम संगणक आजच्या सह्यांचं गणित फोडतील, या धास्तीने अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये सह्यांची दोन नवी मानकं जाहीर केली आहेत.

त्यामुळे जुन्या दप्तरावर अधूनमधून नव्या, भक्कम पद्धतीचा टाइमस्टॅम्प चढवतात, आधीच्या सगळ्या सह्या आत घेऊन. मात्र जुनी पद्धत मोडण्याआधीच. नंतर चढवलेला शिक्का एवढंच सांगतो, की फाइल त्या दिवशी अशी होती.