सांगली-सातारा डिरेक्टरी सर्व्हर रेप्लिकेशन: पात्रता, कागदपत्रं आणि काम नेमकं कुठे अडतं
2019 च्या पुरानंतर आमच्या संस्थेनं सांगलीतल्या '389 डिरेक्टरी सर्व्हर'ला (खाती आणि पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, 389 हा नावाचाच भाग) साताऱ्याच्या शाखेत जोडीदार बसवायचा ठरवला. कमांड लाइनवर काम थोडकंच आहे. 'डीएसकॉन्फ' ही त्याची कमांड वापरून दोन्हीकडे रेप्लिकेशन, म्हणजे एकीकडचे बदल आपोआप दुसरीकडे पाठवणं, चालू करायचं, मग एकमेकांच्या नावे अ‍ॅग्रीमेंट (बदल कुठे आणि कसे पाठवायचे याची नोंद) करायचं. तरी दर वेळी कोणीतरी रडकुंडीला आलेलं असतं.

पात्रता: सफिक्स (डिरेक्टरीच्या झाडाचं मूळ नाव) दोन्हीकडे तोच हवा आणि दोन्ही सप्लायरचा, म्हणजे बदल पाठवणाऱ्या सर्व्हरचा, रेप्लिका आयडी (ओळख क्रमांक) वेगळा, 1 ते 65534 मधला. सांगलीच्या मशीनची नक्कल करून सातारा उभा केला असेल, तर आयडीही नक्कलच येतो, तो आधी बदला. घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) जुळवून घ्या.

आता खरी अडचण. रेप्लिकेशन मॅनेजरचं खातं, म्हणजे ज्या नावानं पाठवणारा सर्व्हर समोर लॉगिन करतो ते, बदल घेणाऱ्या सर्व्हरवर लागतं, पाठवणाऱ्यावर नाही. सांगलीहून साताऱ्याला बदल जायचे असतील तर खातं साताऱ्यात हवं. लोक ते सांगलीत काढतात आणि लॉगमध्ये एरर 49 (नाव किंवा पासवर्ड चुकीचा) बघत बसतात. दोन्ही दिशांनी चालवायचं तर दोन्हीकडे काढा, आणि त्याचा पासवर्ड मुदत संपून बंद पडणार नाही एवढं पाहा. सर्टिफिकेटचंही तसंच: ते देणाऱ्या संस्थेचं (सीए) सर्टिफिकेट समोरच्या सर्व्हरवर नसतं, किंवा अ‍ॅग्रीमेंटमध्ये होस्टच्या पूर्ण नावाऐवजी आयपी टाकलेला असतो.

दोन्ही सर्व्हर एकमेकांशी सुरक्षित जोडणीनं बोलतात तो पोर्ट 636 उघडायचा अर्ज नेटवर्क विभागाकडे जातो. 'सर्व्हर जोडणीसाठी' एवढंच कारण लिहिलं की आठवड्यानं परत येतो, आणि काय कमी आहे ते कोणी सांगत नाही. कुठून कुठे, हे दोन्ही दिशांसाठी वेगवेगळ्या ओळींत लिहा.

सगळ्यात जास्त नुकसान मुदत चुकीची मोजल्यानं होतं. नव्या आवृत्त्यांत समोर पाठवायच्या बदलांच्या नोंदीची मुदत मूळ सेटिंगनुसार सात दिवसांची असते. हे सात दिवस वीज परत आल्यापासून मोजायचे नाहीत, सर्व्हर बंद पडल्यापासून मोजायचे. मुदत वाढवता येते, पण ती आधी वाढवलेली हवी. गेलेल्या नोंदी परत येत नाहीत. 2021 च्या जुलैत आमचा सांगलीचा सर्व्हर नऊ दिवस बंद होता. तो सुरू झाल्यावर एका सहकाऱ्यानं घाईत सांगलीकडून साताऱ्याकडे इनिट चालवलं. इनिट म्हणजे समोरचं सगळं पुसून आपलं भरणं. साताऱ्यात त्या नऊ दिवसांत उघडलेली खाती आणि बदललेले पासवर्ड गेले. सकाळी शाखेतल्या एक बाई काउंटरवर तोच पासवर्ड पाच-सहा वेळा टाकत होत्या, आणि चूक आपलीच असं त्यांना वाटत होतं.

म्हणून इनिटच्या आधी दोन्हीकडचा डेटा एलडिफमध्ये (डिरेक्टरीची साध्या मजकुरातली फाइल) काढून ठेवा. ताजी प्रत कुठल्या गावात आहे ते कागदावर लिहा, कमांड टाइप करा, आणि एंटर दाबण्याआधी शेजारच्याला ती मोठ्यानं वाचायला सांगा.