बरोक मुद्राचित्रांतले भिकारी

१७व्या शतकातल्या, म्हणजे बरोक काळातल्या युरोपात गरिबांची चित्रं छापली गेली त्यात पहिलं नाव घ्यावं लागतं मुद्राचित्रकार जाक कालोचं (१५९२–१६३५), त्याच्या 'भिकारी' मालिकेत २५ एचिंग्ज (ॲसिडनं कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं) आहेत. कालो लोरेनमधल्या नान्सीचा, पण उमेदीची वर्षं इटलीत फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या दरबारात गेली आणि १६२१ला तिथला ड्यूक कोझिमो दुसरा वारल्यावर तो गावी परतला. मालिकेचा काळ साधारण १६२२-२३ धरतात, काहीजण ती फ्लॉरेन्समध्येच सुरू झाली असं मानतात. कच्ची रेखाटनं इटलीतली आणि प्लेट्स नान्सीच्या, हे जास्त पटतं.

तंत्र इथं फार महत्त्वाचं आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईनं ओरखडायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, म्हणजे ओरखड्यांत ॲसिड खाऊन रेघ कोरली जाते, पण मऊ थर मध्येच सुटला की ॲसिड नको तिथं खातं. कालोनं ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे वापरायचे तसलं कडक व्हार्निश घेतलं आणि तिरक्या टोकाची एशॉप नावाची सुई, ती बोटांत फिरवली की एकच रेघ बारीक सुरू होऊन मध्ये जाड होते. फ्रेंच मुद्राचित्रकार आब्राम बॉसनं १६४५च्या एचिंगवरच्या पुस्तकात ही पद्धत नीट लिहून ठेवलीय. कुबडीवर रेललेल्या म्हातारीच्या चिंध्यांचं वजन त्या फुगणाऱ्या रेघेतूनच जाणवतं, मागं ना घर ना रस्ता, नुसता कोरा कागद.

खरा वाद अर्थाचा आहे. पहिल्याच चित्रातल्या माणसाच्या झेंड्यावर इटालियनमध्ये 'बदमाशांचा कप्तान' असं लिहिलंय, त्यावरून ही सगळी सोंगाड्या भिकाऱ्यांची टिंगल आहे असा एक मोठा पक्ष आहे. पण तीन पोरं घेऊन उभी असलेली आई किंवा कुत्र्यासोबतचा आंधळा बघितला की ते सगळ्या मालिकेला लावणं अवघड जातं, झेंडा फारतर त्या एका चित्रापुरता धरावा.

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३०च्या आसपासच्या भिकाऱ्यांवर कालोची छाप उघड दिसते. १६४८च्या एचिंगमध्ये मात्र तो दार आणतो, दारातला म्हातारा पाठीवर मूल घेतलेल्या बाईला नाणं देतोय आणि देणारा न् घेणारी असे दोघंही एकाच चौकटीत येतात, हे कालोकडं नाहीये.

हॉलंडमधल्या हार्लेमच्या आद्रियान व्हान ओस्टाडनं (१६१०–१६८५) जवळपास ५० एचिंग्ज केली, त्यात शेतकरी, गुत्ते, घरातली जेवणं येतात. १६५३च्या एकात कुटुंब जेवणाआधी प्रार्थना करतंय.